जालिमाचा पाठीराखा : वऱ्हाडच्या इतिहासातून एक धडा

जगातील काही बलाढ्य राष्ट्रांचा एक विचित्र स्वभाव आहे. आपल्या घरात ती लोकशाही डोळ्यांत तेल घालून जपतात. तेथे निवडणूक वेळेवर होते, न्यायालय सरकारला जाब विचारते आणि वर्तमानपत्र पंतप्रधानाची चूक पहिल्या पानावर छापते. परंतु हीच राष्ट्रे सीमेपलीकडे एखाद्या जुलमी सत्ताधीशाला पैसा, शस्त्रे आणि प्रतिष्ठा पुरवतात. त्याच्या तुरुंगात कोण कुजत आहे, हे त्यांना ठाऊक असते; तरी मैत्रीचे करार चालूच राहतात.

या विषयावर बोलताना आपल्या ओठांवर सहसा दूरच्या देशांची नावे येतात आणि बोलणे संतापावर संपते. संताप व्यर्थ आहे असे नव्हे. पण नुसत्या संतापातून धडा निघत नाही. म्हणून या लेखात आपण आधी दिव्य कुरआनची या बाबतीतली शिकवण पाहू आणि मग ती एका अशा उदाहरणावर तपासू, जे आपल्या पायांखालच्या मातीतले आहे. अमरावती आणि अकोला हे जिल्हे ज्या वऱ्हाडात येतात, तो वऱ्हाडच एकेकाळी अशा मैत्रीच्या किमतीपोटी हातोहात दिला गेला होता.

कुरआन फक्त जालिमाला दोषी धरत नाही

‘जुल्म’ या शब्दाचा अर्थ आपल्या विद्वानांनी थोडक्यात असा सांगितला आहे : जी गोष्ट जिथली, ती तिथे न ठेवणे. हक्कदाराचा हक्क दुसऱ्याकडे गेला की जुलूम झाला. पण जुलूम एकट्याने करता येत नाही. सूरह कससच्या आठव्या आयतीत फिरऔनचे नाव एकटे येत नाही. त्याच्यासोबत हामान येतो, त्या दोघांचे सैन्यही येते आणि तिघांनाही एकाच अपराधात गणले जाते. हुकूम देणारा, सल्ला देणारा आणि शस्त्र उचलणारा हे अल्लाहच्या न्यायालयात एकाच पिंजऱ्यात उभे आहेत.

याच सूरहच्या सतराव्या आयतीत ह. मूसा (अलै.) आपल्या पालनकर्त्याला एक वचन देतात. तू माझ्यावर उपकार केलेस, म्हणून यापुढे मी गुन्हेगारांचा साहाय्यक कधीही होणार नाही, असा त्याचा आशय आहे. येथे मूळ शब्द ‘जहीर’ असा आहे. तो ‘जह्र’ म्हणजे पाठ या शब्दावरून आला. जो दुसऱ्याच्या पाठीशी उभा राहतो, तो जहीर. मराठीत त्याला अगदी नेमका शब्द आहे : पाठीराखा. दोन दूरच्या भाषांनी एकच चित्र पाहिले, कारण मनुष्याचा अनुभव सर्वत्र एकच आहे. समोरून वार करणारा दिसतो. त्याच्या पाठीशी कोण आहे, हे सहसा दिसत नाही.

सूरह हूदच्या ११३ व्या आयतीत तर याहून कडक ताकीद आहे. अन्याय करणाऱ्यांकडे झुकूसुद्धा नका, नाहीतर आग तुम्हालाही स्पर्श करील, असा तिचा भाव आहे. आणि सूरह माइदाच्या दुसऱ्या आयतीत सहकार्याचा सर्वसाधारण नियम दिला आहे : भलाई आणि ईशभय यांत एकमेकांना साह्य करावे, पाप आणि अतिक्रमण यांत करू नये.

वाचकहो, हे नियम व्यक्तींसाठी आहेत तसेच राष्ट्रांसाठीही आहेत. आता त्यांच्या उजेडात वऱ्हाडकडे वळू.

तैनाती फौज : उसनी पाठ

ईस्ट इंडिया कंपनी आणि हैदराबादचा निजाम यांच्यात १७९८ मध्ये तैनाती फौजेचा तह झाला आणि १८०० मध्ये तो अधिक पक्का करण्यात आला. कंपनीने आपली फौज निजामाच्या राज्यात ठेवावी आणि खर्च निजामाने सोसावा, असे ठरले. त्या खर्चापोटी १८०० मध्ये निजामाने बल्लारी, कडप्पा, अनंतपूर इत्यादी मुलूख कंपनीला देऊन टाकला. या तहात एक कलम असे होते की, निजामाची मुले, नातलग, नोकर आणि प्रजा यांच्याशी कंपनीचा काही संबंध राहणार नाही. त्यांच्या बाबतीत निजाम पूर्ण मुखत्यार असेल.

या कलमावर क्षणभर थांबा. वरवर ते शेजाऱ्याच्या घरात न डोकावण्याच्या सभ्यतेसारखे दिसते. प्रत्यक्षात त्याचा अर्थ असा होता : तुझ्या गादीचे रक्षण आम्ही करू, तू प्रजेशी कसा वागतोस हे आम्ही पाहणार नाही. राजा आणि प्रजा यांच्यामध्ये एक नैसर्गिक बंधन असते. राजा फार छळू लागला तर प्रजा उठेल, हे भय त्याला थोडेफार ताळ्यावर ठेवते. सारा वसूल करायचा तर रयत जगली पाहिजे, शत्रूशी लढायचे तर रयतेने साथ दिली पाहिजे. उसनी फौज आली की हे बंधन तुटते. राजाला प्रजेची गरज उरत नाही. ज्याने फौज दिली, त्याची मर्जी तेवढी सांभाळावी लागते.

वऱ्हाड पूर्णपणे निजामाच्या हाती आला, तोही याच उसन्या बळावर. त्याआधी येथे दुहेरी अंमल होता. महसुलाचा मोठा वाटा नागपूरकर भोसले घेत आणि उरलेला निजाम. २९ नोव्हेंबर १८०३ रोजी अकोला जिल्ह्यातील आडगाव येथे आर्थर वेलस्लीच्या फौजेने भोसल्यांचा पराभव केला आणि १५ डिसेंबरला मेळघाटातील गाविलगड घेतला. लगेच झालेल्या देवगावच्या तहाने भोसल्यांनी वर्धा नदीच्या पश्चिमेचा मुलूख सोडला आणि गाविलगड-नरनाळा हे किल्ले व त्यांच्याभोवतीचा थोडा भाग वगळता तो निजामाला मिळाला. आपल्यावर कोणी राज्य करावे, हे वऱ्हाडच्या शेतकऱ्याला कोणी विचारले नाही.

व्याज आणि इजारा

पुढे मूळ तैनाती फौजेशिवाय आणखी एक फौज उभी राहिली. रेसिडेंट हेन्री रसेल याच्या काळात इंग्रज अधिकाऱ्यांच्या हाताखाली ती तयार झाली आणि नंतर ‘हैदराबाद कंटिंजेंट’ म्हणून ओळखली गेली. अचलपूरजवळच्या परतवाड्यात तिची छावणी होती. अधिकारी इंग्रज, हुकूम इंग्रजांचा, पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून! खजिना तर रिकामा होता. मग या पगारासाठी कर्ज काढले गेले. हैदराबादमधील विल्यम पामर आणि कंपनी या पेढीने ते दिले आणि आरंभीच्या कर्जांवर सालीना चोवीस-पंचवीस टक्के व्याज लावले.

देशी राजांना युरोपियनांनी परवानगीशिवाय कर्ज देऊ नये, असा कायदा ब्रिटिश संसदेने आधीच केलेला होता. पण १८१६ मध्ये गव्हर्नर जनरल लॉर्ड हेस्टिंग्ज याने या पेढीला खास मुभा दिली. पेढीचा एक भागीदार सर विल्यम रम्बोल्ड याचा विवाह याच हेस्टिंग्जच्या पालकत्वाखालील मुलीशी झालेला होता. संसदेने कायदा केला होता. तो समुद्र ओलांडून येताना वाटेतच विरघळला.

हे व्याज शेवटी कोण फेडत होता? चंदुलाल हा कारभारी १८०८ पासून १८४३ पर्यंत निजामाचे राज्य चालवत होता आणि त्याचे आसन रेसिडेंटच्या पाठिंब्यावर टिकून होते. महसूल गोळा करण्यासाठी परगणे मक्त्याने, इजाऱ्याने दिले जात. जो जास्त रक्कम आगाऊ भरील, त्याला मुलूख मिळे. दुसऱ्याने चढी बोली लावली की पहिल्याचा मक्ता जाई. त्यामुळे प्रत्येक इजारदार हाती असलेल्या वेळेत रयतेला जमेल तेवढे पिळून घेई. पूरणमल नावाच्या सावकाराकडे वऱ्हाडचा मोठा भाग असाच दिला गेला होता.

आपल्या फिक्हमध्ये इजारा हा शब्द आहे. स्वतःच्या मालकीची वस्तू ठरलेल्या मुदतीसाठी, ठरलेल्या मोबदल्यात वापरायला देणे म्हणजे इजारा. तो वैध व्यवहार आहे. येथे मात्र जे आपले नव्हते तेच भाड्याने दिले गेले : शेतकऱ्याचा घाम आणि त्याच्या मुलांचा घास. शब्द तोच राहिला, त्यातला न्याय तेवढा निघून गेला. आणि या व्यवहारातील माणसे पाहा. राजा मुसलमान, कारभारी आणि सावकार हिंदू, पेढी आणि रेसिडेंट ख्रिस्ती. भरडला जाणारा शेतकरी तेवढा सर्वत्र एकच होता, मग त्याच्या गावात देऊळ असो की मशीद.

या काळात एक सरळ आवाजही उठला, तो इंग्रजांतूनच. चार्ल्स मेटकाफ १८२० मध्ये रेसिडेंट होऊन आला. त्याने पामर पेढीचे व्यवहार उघडे केले, स्वतःच्या गव्हर्नर जनरलचा रोष पत्करला आणि सारावसुलीवर देखरेख ठेवण्यासाठी जिल्ह्यांत इंग्रज अधिकारी नेमले. कुरआनचा न्याय सांगतो की, जे खरे ते खरे म्हणावे. म्हणून हे नोंदवले पाहिजे. पण १८२९ मध्ये गादीवर आलेल्या निजाम नासिरुद्दौलाने हे अधिकारी काढून घेण्याची मागणी केली आणि कंपनी सरकारने ती मान्य केली. राज्याच्या अंतर्गत कारभारात हात घालायचा नाही, हे तत्त्व तेव्हा आठवले. कंटिंजेंट फौज मात्र कोणी काढून घेतली नाही. देखरेख गेली आणि बंदूक राहिली. जालिमाच्या पाठीराख्याची ओळख याहून स्पष्ट कुठे सापडेल?

१८५३ : मैत्रीची किंमत

फौजेचा पगार थकत गेला, कंपनी स्वतः पैसे आगाऊ देत गेली आणि ते निजामाच्या नावे कर्ज म्हणून चढत गेले. शेवटी लॉर्ड डलहौसीने मुलूख मागितला. २१ मे १८५३ च्या तहाने वऱ्हाड, धाराशिव आणि रायचूर दुआब हे प्रांत फौजेच्या खर्चासाठी इंग्रजांच्या ताब्यात गेले. त्या तहानुसार कंटिंजेंटमध्ये किमान पाच हजार पायदळ, दोन हजार घोडदळ आणि तोफखान्याच्या चार तुकड्या ठेवायच्या होत्या. आणि नवल असे की, शांततेच्या काळात ही फौज सांभाळण्याचे बंधन १८०० च्या तहाने निजामावर घातलेले नव्हते, ही गोष्ट डलहौसीने त्याच वर्षीच्या आपल्या टिपणात मान्य केली होती. देणे कायद्याने सिद्ध नव्हते, तरी मुलूख घेतला गेला.

चारच वर्षांनी १८५७ चा उठाव झाला. १७ जुलै १८५७ रोजी हैदराबादेत तुर्रेबाज खान आणि मौलवी अलाउद्दीन यांच्या नेतृत्वाखाली लोकांनी रेसिडेन्सीवर हल्ला केला. तो तोफांनी मोडून काढण्यात आला. मौलवी साहेबांना काळ्या पाण्यावर पाठवले गेले. निजाम आणि त्याचा दिवाण सालारजंग इंग्रजांच्या बाजूने उभे राहिले. कंटिंजेंटच्या तुकड्या सर ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानातील मोहिमेत लढल्या. म्हणजे आकोट-दर्यापूरच्या काळ्या जमिनीतून निघालेल्या साऱ्यावर पोसलेली फौज बुंदेलखंडातील उठाव चिरडण्यासाठी वापरली गेली. १८६० मध्ये निजामाला बक्षीस मिळाले : सुमारे पन्नास लाखांचे कर्ज माफ झाले, धाराशिव आणि रायचूर परत मिळाले. वऱ्हाड मात्र परत मिळाला नाही.

इंग्रजी अंमलात वऱ्हाडातील इजारदारी मोडली, जमिनीची मोजणी झाली, रेल्वे आली, हेही खरेच आहे आणि ते लपवण्याचे कारण नाही. पण रेल्वे जिथून गेली तिथला कापूस लँकेशायरच्या गिरण्यांना हवा होता, हेही तितकेच खरे. १९०२ मध्ये लॉर्ड कर्झनने निजाम मीर महबूब अली खान याच्याकडून वऱ्हाड सालीना पंचवीस लाख रुपयांवर कायमच्या पट्ट्याने घेतला. एका प्रांताची लाखो माणसे खंडाच्या कागदावर एका हातातून दुसऱ्या हातात गेली.

घरचे माप आणि बाहेरचे माप

आता याच काळात ब्रिटनमध्ये काय घडत होते ते पाहा. १८३२ मध्ये संसदेच्या मतदानाचा अधिकार वाढला. १८६७ आणि १८८४ मध्ये तो आणखी पसरला. १९१८ मध्ये सर्व प्रौढ पुरुषांना आणि तीस वर्षांवरील बहुतेक स्त्रियांना मत मिळाले, १९२८ मध्ये स्त्री-पुरुष समान झाले. १८३३ मध्ये ब्रिटिश संसदेने गुलामगिरी रद्द करणारा गौरवशाली कायदा केला. पण ईस्ट इंडिया कंपनीचा मुलूख त्या कायद्यातून वगळला!

सूरह मुतफ्फिफीनच्या आरंभी अशा लोकांचा धिक्कार आहे, जे स्वतः घेताना माप भरून घेतात आणि दुसऱ्याला देताना कमी भरतात. मुफस्सिरांनी सांगितले आहे की, हे माप केवळ धान्याचे नाही. हक्काचे आणि न्यायाचेही आहे. स्वातंत्र्य मोजण्याचे एक माप लंडनला आणि दुसरे अमरावतीला, ही त्याच मापातील चोरी होती.

असे का घडते? लोकशाहीत सरकार मतदाराला भिते. ज्याला मत नाही, त्याला भिण्याचे कारण नाही. वऱ्हाडच्या रयतेचे मत लंडनच्या कोणत्याही मतपेटीत पडत नव्हते. शिवाय एका प्रजेशी करार करण्यापेक्षा एका राजाशी करार करणे सोपे असते. प्रजा प्रश्न विचारते. राजाला फक्त गादी हवी असते. त्यामुळे शक्तिशाली लोकशाहीला दूरदेशी एक कमकुवत हुकूमशहा नेहमीच सोयीचा वाटतो : आपल्या लोकांपुढे ताठ आणि आपल्यापुढे वाकलेला.

अखेरची किंमत

पहिल्या महायुद्धात निजाम मीर उस्मान अली खान याने इंग्रजांना मोठी मदत केली. १९१८ मध्ये त्याला ब्रिटिश सरकारचा विश्वासू मित्र ही पदवी मिळाली. त्याने वऱ्हाड परत मागितला तेव्हा व्हाइसरॉय लॉर्ड रीडिंगने २७ मार्च १९२६ च्या पत्राने स्पष्ट नकार दिला आणि बजावले की, हिंदुस्थानात ब्रिटिश सत्ता सर्वोच्च आहे. कोणताही राजा तिच्याशी बरोबरीने बोलू शकत नाही. पुढे १९३६ च्या कराराने त्याला ‘हैदराबाद आणि वऱ्हाडचा निजाम’ असा किताब आणि त्याच्या वारसाला ‘वऱ्हाडचा युवराज’ असे नाव मिळाले. कारभार इंग्रजांकडेच राहिला.

जो स्वतःला सर्वोच्च म्हणवतो, त्याने जबाबदारीही सर्वोच्च घेतली पाहिजे. पण गश्ती क्रमांक ५३ ने हैदराबाद संस्थानात सभा घेणे सरकारी परवानगीवर टांगले, १९३८ मध्ये स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच तिच्यावर बंदी आली, वंदे मातरम् म्हणणारे विद्यार्थी उस्मानिया विद्यापीठातून काढले गेले आणि त्यांतील अनेकांना नागपूर विद्यापीठाने आसरा दिला. तेव्हा ती सर्वोच्च सत्ता स्वस्थ होती. मुलूख परत मागणाऱ्या राजाला तिने एका पत्रात गप्प केले. प्रजेचा आवाज दाबणाऱ्या राजाला तसे पत्र गेले नाही.

१९४७ मध्ये इंग्रज गेले. दीडशे वर्षे उसन्या पाठीवर टेकलेली गादी आता उघडी पडली आणि तिने कासिम रझवीच्या रझाकारांचा आधार घेतला. त्या दिवसांत ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्लाह खान यांनी रझाकारांचा अन्याय लिहून दाखवला आणि हैदराबादने भारतात सामील व्हावे, अशी बाजू मांडली. ऑगस्ट १९४८ मध्ये त्यांची रस्त्यात हत्या करण्यात आली. जुलमी सत्ताधीशासमोर सत्य बोलणे हा श्रेष्ठ जिहाद आहे, अशा आशयाची हदीस आपण मिंबरवरून अनेकदा ऐकतो. तिचा अर्थ समजावून सांगताना हे नाव घेतले पाहिजे.

सप्टेंबर १९४८ मध्ये पाच दिवसांच्या कारवाईत संस्थान भारतात विलीन झाले. त्यानंतर मराठवाडा आणि शेजारच्या जिल्ह्यांत जे घडले, तेही सांगणे न्यायाला धरून आहे. केंद्र सरकारने पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने सत्तावीस ते चाळीस हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. उस्मानाबाद, गुलबर्गा, बिदर आणि नांदेड या जिल्ह्यांना सर्वाधिक झळ बसली. मारले गेलेले बहुसंख्य साधे मुसलमान होते. रझाकारांच्या पापाची शिक्षा त्यांच्याकडून वसूल केली गेली. त्याच समितीने हेही नोंदवले की, काही ठिकाणी हिंदू विणकरांनी आपल्या मुसलमान विणकर बांधवांचे रक्षण केले. जालिमाला दिलेल्या आधाराची शेवटची किंमत अशी नेहमी तेच भरतात, ज्यांनी त्या मैत्रीचा एक पैसाही पाहिलेला नसतो.

हाच तह, नवी नावे

वऱ्हाडच्या तहानंतर बरोबर शंभर वर्षांनी, १९ ऑगस्ट १९५३ रोजी इराणचे पंतप्रधान मुसद्दिक यांचे सरकार उलथवण्यात आले. त्यांनी १९५१ मध्ये तेलाचे राष्ट्रीयीकरण केले होते. अमेरिका आणि ब्रिटन या दोन लोकशाही राष्ट्रांच्या गुप्तचर यंत्रणांचा त्यात हात होता. शहाची सत्ता बळकट झाली, १९५७ मध्ये ‘सावाक’ ही गुप्त पोलीस यंत्रणा उभी राहिली आणि राजाला प्रजेची गरज उरली नाही. १९७७ च्या अखेरच्या रात्री तेहरानमध्ये अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी इराणला स्थैर्याचे बेट म्हणून गौरवले. सव्वा वर्षाच्या आत ते बेट बुडाले.

१९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानात याह्या खानाची फौज बंगाली जनतेची कत्तल करत असताना अमेरिकन सरकार त्याच्या पाठीशी राहिले, कारण चीनशी बोलणी जुळवण्यासाठी तो उपयोगी होता. तेव्हा ढाक्यातील अमेरिकन वाणिज्यदूत आर्चर ब्लड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ६ एप्रिल रोजी स्वतःच्याच सरकारचा लेखी निषेध केला. ब्लड यांची बदली झाली. पण मेटकाफप्रमाणे त्यांचीही साक्ष इतिहासात राहिली. आणि लक्षात घ्या, येथे मारणारे आणि मरणाऱ्यांतले अनेक जण एकाच कलिम्याचे होते.

आपला भारतही एक मोठी लोकशाही आहे. शेजारच्या म्यानमारमधील लोकशाहीवादी नेत्या आँग सान सू ची यांना आपल्या देशाने १९९३ चा नेहरू पुरस्कार दिला आणि २००४ मध्ये तेथील लष्करशहा जनरल थान श्वे यांचे नवी दिल्लीत स्वागतही केले. सीमेवरील शांतता, व्यापार, शेजारच्या महासत्तेची स्पर्धा अशी कारणे त्यामागे होती. कारणे डलहौसीपाशीही होती.

आपल्यासाठी धडा

वाचकहो, या सर्वांतून श्रद्धावंताने काय घ्यावे?

पहिली गोष्ट ही की, साक्ष आपल्या घरापासून सुरू होते. सूरह निसाच्या १३५ व्या आयतीत श्रद्धावंतांना न्यायावर खंबीर उभे राहण्याची आज्ञा आहे, मग ती साक्ष स्वतःच्या, आईवडिलांच्या वा आप्तांच्या विरुद्ध का जाईना. निजाम मुसलमान होता, त्याने विद्यापीठ उभारले, मदरशांना आणि मंदिरांनाही देणग्या दिल्या. म्हणून त्याच्या राज्यातील जुलमाला दुसरे नाव देता येत नाही. शहा मुसलमान होता, याह्या खानही होता. आज ज्या मुस्लिम देशांत सत्ताधीश परक्या शस्त्रांच्या भरवशावर प्रजेचे तोंड दाबतात, त्यांच्याबद्दल गप्प राहून फक्त शस्त्र देणाऱ्यांना शिव्या देणे ही अर्धी साक्ष आहे. अर्धी साक्ष म्हणजे मापातली चोरीच.

दुसरी गोष्ट सूरह माइदाच्या आठव्या आयतीत आहे. एखाद्या लोकसमूहाविषयीच्या वैरामुळे न्याय सोडू नका, अशी तेथे आज्ञा आहे. म्हणून ब्रिटिश किंवा अमेरिकन सरकारचे पाप त्या देशातील प्रत्येक माणसावर लादू नये. १९४८ मध्ये रझाकारांचे पाप नांदेड-उस्मानाबादच्या गरीब मुसलमानांवर लादले गेले, तेव्हा आपल्याला कसे वाटले, हे आठवावे आणि तोच न्याय दुसऱ्याला द्यावा.

तिसरी आणि सर्वांत जवळची गोष्ट अशी. राजेशाहीत पाठीराखा राजा असतो. लोकशाहीत सरकारचा हात हा नागरिकाचाच हात आहे. त्याच्या कराने तो चालतो आणि त्याच्या मताने तो वळतो. तुमच्यातील प्रत्येक जण राखणदार आहे आणि प्रत्येकाला त्याच्या राखणीविषयी विचारले जाईल, हा हदीसचा आशय मतदारालाही लागू होतो. ह. मूसांचे वचन आज प्रत्येक नागरिकाने द्यायचे आहे. सूरह हूदची ताकीद ‘झुकू नका’ अशी आहे आणि झुकणे लहान गोष्टींतून सुरू होते. गावातील दांडगा माणूस विधवेची जमीन दाबतो आणि आपण त्याच्याकडून मशिदीच्या कमानीसाठी देणगी घेऊन त्याचा सत्कार करतो. सोसायटीच्या निवडणुकीत आपल्या बिरादरीचा म्हणून लबाडाला मत देतो. नात्यातला म्हणून पत्नीला छळणाऱ्याची बाजू घेतो. या सर्व लहान लहान तैनाती फौजाच आहेत.

पैगंबर (स.) यांनी सांगितले की, आपल्या भावाला साह्य करा, तो पीडित असो की जालिम. साथीदारांनी विचारले, जालिमाला साह्य कसे करावे? उत्तराचा आशय असा होता की, त्याचा हात धरून त्याला जुलमापासून रोखणे हेच त्याला साह्य. (बुखारी) जगातील सर्व मैत्रीच्या तहांना ही एक हदीस पुरेशी आहे. निजामाचा खरा मित्र तो असता, ज्याने फौज पाठवण्याऐवजी त्याचा हात धरला असता.

आणि तहाचा आदर्श हवा असेल तर तोही आपल्यापाशी आहे. पैगंबरत्वापूर्वी मक्केत अब्दुल्लाह बिन जुदआनच्या घरी काही कबिल्यांनी एक करार केला होता. परदेशी व्यापाऱ्याचा माल घेऊन एका प्रतिष्ठिताने पैसे बुडवले, हे त्याचे निमित्त होते. मक्केत कोणावरही अन्याय झाला, मग तो रहिवासी असो की परका, त्याचा हक्क मिळेपर्यंत आपण सर्व त्याच्या बाजूने उभे राहू, असे त्यात ठरले. याला ‘हिल्फुल फुजूल’ म्हणतात. तरुण मुहम्मद (स.) त्या सभेत हजर होते. पुढे पैगंबर झाल्यावरही ते म्हणत की, आजही अशा कराराला कोणी हाक दिली तर मी ओ देईन. करार करणारे मुसलमान नव्हते, ज्याच्यासाठी केला तोही नव्हता. बाजू फक्त एकच होती, मजलूमाची.

एक तह जालिमाला पाठ देतो, दुसरा मजलूमाला. राष्ट्रे असोत की आपले मोहल्ले, आपण कोणत्या तहावर सही करत आहोत, हे दर जुमाला एकदा स्वतःला विचारावे.

अल्लाह आपल्याला जालिम होण्यापासून वाचवो आणि जालिमाचा पाठीराखा होण्यापासूनही वाचवो. आमीन.

चिंतनासाठी प्रश्न

१. सूरह कससच्या आठव्या आयतीत फिरऔनसोबत हामान आणि सैन्य यांना का गणले असावे? आजच्या काळात हामान कोण आणि सैन्य कोण?

२. १८२९ मध्ये कंपनीने देखरेख काढून घेतली आणि फौज ठेवली. आपल्या परिसरातील एखाद्या संस्थेत किंवा कुटुंबात अशीच गोष्ट घडताना तुम्हाला दिसते काय?

३. ज्या अन्यायाविरुद्ध बोलल्याने आपलीच माणसे नाराज होतील, अशा एका अन्यायाचे नाव स्वतःपुरते कागदावर लिहा. त्याबद्दल पहिले पाऊल कोणते असेल?